तळाची राखण

जुन्या गाड्यांच्या प्रदर्शनात लोक कुठे रेंगाळतात हे पाहण्यासारखं असतं. समोरची जाळी, गोल दिवे, बोनेटवरचं बोधचिन्ह, रंगाची झिलई आणि ट्रक असेल तर फाळक्यावरची वेलबुट्टी. गुडघे टेकून, मान वळवून गाडीच्या पोटाखाली पाहणारा माणूस विरळा. पण ज्यांनी जुना ट्रक नव्याने उभा करण्यात वर्षं घालवली आहेत त्यांना विचारलं, तर ट्रक वाचला की गेला याचा निकाल खालीच लागतो असं ते सांगतील. रंग पुन्हा देता येतो, काच पुन्हा बसवता येते, सीट पुन्हा शिवता येते. चासी आतून गंजून गेली, तर हे सगळं कशावर बसवायचं हाच प्रश्न उरतो.

आपल्याकडच्या ट्रकांच्या बाबतीत हे अधिकच खरं आहे. सोलापूरचे वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स स्थापन केली. क्रायस्लर कंपनीच्या सहकार्याने कुर्ल्याच्या कारखान्यातून १९४७ पासून गाड्या बाहेर पडू लागल्या. एकाच घडणीच्या ट्रकावर कधी डॉजचं नाव लागलं, कधी फार्गोचं, कधी डिसोटोचं. १९५४ मध्ये जमशेदपूरहून तीन टोकांचा तारा मिरवणारे टाटा-मर्सिडीज-बेंझ ट्रक आले. पण कारखान्यातून निघताना यातल्या बहुतेकांना पूर्ण शरीर नव्हतंच. इंजिन, चाकं, पाटे आणि लांबच लांब दोन पोलादी तुळयांची चासी एवढंच कारखान्याचं. पुढे कुठल्या तरी गावचा बॉडीवाला त्यावर सागवानाचा सांगाडा उभारी, पत्रा ठोकी, हौदा बांधी, पेंटर देवाचं आणि मालकाचं नाव लिही. म्हणजे आज जो फार्गो आपण कौतुकाने पाहतो त्याचं दिसणारं बहुतेक सगळं कुर्ल्याचं नाहीच. कुर्ल्याचं जे आहे ते खाली, चिखलाच्या उंचीवर आहे.

मिलिंद राजा आणि नागसेन भिक्षू यांचा पाली ग्रंथातला संवाद इथे आठवतो. रथात बसून आलेल्या राजाला नागसेन विचारतो, आस म्हणजे रथ का? चाकं म्हणजे रथ का? दांडी, जू, लगाम, यांपैकी कोणता भाग रथ? राजा प्रत्येकाला नाही म्हणतो आणि अखेरीस मान्य करतो, की या सगळ्यांच्या आधाराने ‘रथ’ हा व्यवहार चालतो, त्यांच्याहून वेगळी अशी रथ नावाची वस्तू हाती लागत नाही. तत्त्वज्ञानाला हे उत्तर पुरतं. आरटीओला ते पुरत नाही. तिथे माणूस कागद घेऊन चासीच्या तुळईपाशी वाकतो, कागद नंबरावर धरून वरून पेन्सिल घासतो आणि उमटलेले आकडे कागदपत्रांशी ताडून बघतो. इंजिन बदलेल, केबिन बदलेल, मालक बदलतील. पण हे आकडे जुळले की ट्रक तोच. केंद्र सरकारने २०२१ मध्ये केलेले विंटेज वाहनांच्या नोंदणीचे नियम व्यावसायिक वाहनांसाठी नाहीत, पन्नास वर्षांहून जुन्या खासगी वापराच्या गाड्यांसाठी आहेत. पण चासी, बॉडी किंवा इंजिन यांत मोठा फेरफार झालेला नसावा, ही त्यांतली अट हाच विचार पुढे नेते. वस्तूची ओळख जर कुठे कोरलेली असेल, तर ती सगळ्यांत कमी पाहिल्या जाणाऱ्या जागी आहे. गंज तिथे पोचला की तो नुसता धातू खात नाही, ओळखही खातो.

गंजाला आपण शत्रू म्हणतो, पण त्याची बाजू समजून घेतल्याशिवाय त्याच्याशी नीट वागता येत नाही. दक्षिण कोकणात कुठेही जमीन उकरा, जांभा लागतो. त्याचा तांबडा रंग लोहाच्या ऑक्साइडचा. रेडीच्या किंवा गोव्याच्या खाणींतून निघणारं खनिजही मूलतः तेच, लोह आणि प्राणवायू यांचा संयोग. भट्टीत कोळशाच्या आचेवर आपण तो प्राणवायू बळाने काढून घेतो आणि उरलेल्या धातूला पोलाद म्हणतो. त्या आगीत खर्चलेली ऊर्जा पोलादात कर्जासारखी राहते, आणि पाणी व हवा मिळाली की ते थोडं थोडं करून फेडू लागतं. मातीतून आलेलं लोह मातीच्या रूपात परत जायला निघतं. हा निसर्गाचा उतार आहे. जुना ट्रक जपणारा माणूस या उताराला बांध घालत असतो, आणि कोणताही बांध एकदा घालून कायमचा टिकत नाही. हे ज्याने मनापासून स्वीकारलं, त्याचं निम्मं काम झालं.

उरलेलं निम्मं काम गंज कुठे बसतो हे ओळखण्याचं. केंब्रिजमध्ये युलिक इव्हान्स यांनी गेल्या शतकाच्या तिसऱ्या दशकात एक साधा प्रयोग केला. स्वच्छ घासलेल्या पोलादावर मिठाच्या पाण्याचा एक थेंब ठेवला आणि रंग पालटून रासायनिक क्रिया दाखवणारी द्रव्यं त्यात मिसळली. थोड्या वेळाने थेंबाच्या कडेला गुलाबी कडं आणि मधोमध निळा डाग दिसू लागला. कडेला पाण्याचा थर पातळ, तिथे हवेतला प्राणवायू सहज पोचतो. मधोमध तो कमी पोचतो. आणि लोखंड विरघळत होतं ते मध्यभागी, जिथे प्राणवायू कमी तिथे. आपला समज याच्या उलट असतो. हवा लागल्याने लोखंड गंजतं, म्हणून हवा बंद करावी, असं वाटतं. इव्हान्सचा थेंब सांगतो, की ओल्या लोखंडाचा एक भाग मोकळा आणि दुसरा कोंडलेला असेल, तर मोकळा वाचतो आणि कोंडलेला झिजतो.

हा एक नियम डोक्यात ठेवून ट्रकाखाली शिरलं की सगळा तळ नकाशासारखा उलगडतो. जिथे दोन पत्रे एकमेकांवर रिबीटांनी बसवलेले आहेत ती फट. पाट्यांच्या पानांमधली जागा. क्रॉस मेंबर तुळईला मिळतो तो कोपरा, जिथे वर्षानुवर्षांचा चिखल थापलेला असतो. मडगार्डची आत वळलेली कड. आणि आपल्या ट्रकांची खास जागा म्हणजे चासी आणि हौदा यांच्यामध्ये घातलेली लाकडी पट्टी. यू-बोल्टांनी आवळलेलं ते लाकूड पावसाळ्याचं पाणी दिवाळीपर्यंत धरून ठेवतं, आणि त्याच्याखालची पोलादाची वरची बाजू वर्षातले कित्येक महिने ओल्या अंधारात राहते. ती खालून दिसत नाही, हौदा उचलल्याशिवाय वरूनही दिसत नाही. शिवाय गंज मूळ धातूपेक्षा कितीतरी जास्त जागा मागतो. दोन पत्र्यांमध्ये साचलेला गंज फुगत जातो, पत्रे एकमेकांपासून ढकलतो आणि जाड रिबीटाचं डोकंही तोडतो. माल भरताना जी चासी वाकली नाही, ती अशी फटीतून उकलते.

कोकणात या सगळ्याला मिठाची जोड मिळते. युरोप-अमेरिकेच्या थंड भागांत बर्फ वितळवायला रस्त्यांवर मीठ टाकतात आणि तिथले ट्रक त्या मिठाने खालून सडतात. आपल्याकडे रस्त्यावर मीठ टाकावं लागत नाही, ते समुद्रावरून वाऱ्याबरोबर येतं. किनाऱ्याला लागून त्याचा मारा सर्वांत जास्त आणि आत जावं तसा तो झपाट्याने कमी होतो. कारैकुडीच्या केंद्रीय विद्युतरसायन संशोधन संस्थेने धातूंच्या क्षरणाचा जो भारताचा नकाशा तयार केला, त्यामागे हेच वास्तव आहे. स्वच्छ हवेत आर्द्रता साधारण साठ टक्क्यांच्या खाली असेल तर पोलाद जवळजवळ गंजत नाही. पण पृष्ठभागावर मीठ असेल तर ते हवेतली ओल ओढून घेतं आणि ही मर्यादा आणखी खाली येते. कोकणातला पावसाळा तर ही मर्यादा ओलांडूनच असतो. त्यात मासळीची वाहतूक केलेला ट्रक असेल, तर बर्फाचं खारं पाणी वर्षानुवर्षं हौद्याच्या फळ्यांतून चासीवर ठिबकलेलं असतं. असा ट्रक बाहेरून कितीही धडधाकट दिसो, त्याच्या पोलादाच्या बारीक खड्ड्यांत मीठ दडून बसलेलं असतं. ते धुऊन काढल्याशिवाय वर कितीही भारी रंग मारला, तरी तो आतून उचलला जातो.

गंज न लागणाऱ्या लोखंडाचं आपल्याकडचं प्रसिद्ध उदाहरण म्हणजे दिल्लीचा, कुतुबमिनाराच्या आवारातला लोहस्तंभ. गुप्तकाळातला, सात मीटरच्या आसपास उंचीचा, सहा टनांहून जास्त वजनाचा. कानपूर आयआयटीचे आर. बालसुब्रमण्यम यांनी त्याचा बारकाईने अभ्यास केला. त्या लोखंडात फॉस्फरसचं प्रमाण जास्त आहे, आणि ओलं-सुकं होण्याच्या आवर्तनांतून पृष्ठभागावर एक पातळ, घट्ट थर तयार होऊन तोच पुढे संरक्षण करत राहिला, असं त्यांनी दाखवलं. या स्तंभाविषयी अभिमानाने बोलताना एक गोष्ट मात्र सहसा सांगितली जात नाही. १९६१ मध्ये त्याचा पायथा उघडला गेला तेव्हा जमिनीखालचा भाग गंजलेला, खड्डे पडलेला आढळला, आणि पुरातत्त्व खात्याने तो शिशाच्या पत्र्याने वेढला. वरचा भाग उन्हात सुकतो, वाऱ्यात मोकळा राहतो, म्हणून त्याचा थर टिकला. खालच्या भागाला सुकण्याची सवड नव्हती. दीड हजार वर्षांहून अधिक काळ ज्याचं नाव झालं त्या स्तंभालाही तळाची चिंता सुटली नाही.

तळ वाचवण्याच्या मानवी धडपडीचा इतिहास जहाजांपासून पाहता येतो. इंग्रजांच्या लढाऊ गलबतांच्या लाकडी तळांना तांब्याचे पत्रे मारलेले असत आणि समुद्राचं पाणी ते खाऊन टाकी. १८२४ मध्ये हम्फ्री डेव्हीने यावर उपाय काढला. तांब्याला जस्ताचे किंवा लोखंडाचे छोटे तुकडे जोडले, की पाण्यात ते तुकडे स्वतः झिजतात आणि तांबं वाचतं. या प्रयोगांत तरुण मायकेल फॅरडे त्याचा साहाय्यक होता. रसायनशास्त्र अचूक ठरलं, तांबं खरंच वाचलं. पण तांबं झिजताना पाण्यात जो विषारी अंश सोडत असे त्यामुळेच शिंपले आणि शेवाळ तळाला चिकटत नव्हतं. झीज थांबली आणि तळ जलचरांनी भरून गेले, जहाजांची गती मंदावली, आरमाराला उपाय मागे घ्यावा लागला. दुसऱ्यासाठी झिजणाऱ्या धातूची ती कल्पना मात्र आजही जहाजांवर आणि जमिनीखालच्या पाइपांवर काम करते. ट्रकाला जस्ताचा ठोकळा बांधून उपयोग नाही, कारण ट्रक पाण्यात बुडालेला नसतो आणि ठोकळ्याचा प्रभाव पोचवणारं सलग पाणी तिथे नसतं. जस्त पोलादाला थेट बिलगून असलं, गॅल्व्हनाइझ केलेल्या पत्र्यासारखं किंवा उघड्या धातूवर दिलेल्या जस्तयुक्त प्रायमरसारखं, तरच ते त्याच्यासाठी झिजतं. डेव्हीच्या गोष्टीतून मी घेतो ते हे, की एखाद्या जागेला वाचवताना ती जागा आधी आणखी काय करत होती हे विचारलं पाहिजे. चासीच्या पोकळीतली भोकं पाणी वाहून जायला ठेवलेली असतात. गंजाच्या भीतीने ती बुजवणारा हात त्या पोकळीची टाकी करतो.

इथे आपल्या गॅरेजांतल्या एका लाडक्या उपायाकडे यावं लागतं. ट्रक उभा राहिला, रंग झाला, की शेवटी खालून जाड काळं कोटिंग मारायचं. डांबराचं किंवा रबरासारखं, बोटभर वाटावं इतकं दाट. ते मारलं की तळ एकदम नवा, एकसारखा आणि निश्चिंत दिसतो. पहिली काही वर्षं तो खरंच सुरक्षित असतो. पुढे कोटिंग कडक होतं. पाट्यांच्या हालचालीने, उडणाऱ्या खडीने त्याला केसाएवढ्या भेगा जातात. भेगेतून पाणी आत शिरतं आणि कोटिंग व पत्रा यांच्या मधल्या अंधारात पसरतं. इव्हान्सच्या थेंबाचा मध्यभाग आता हातभर रुंद झालेला असतो. बाहेरून काळेपणा तसाच. ज्या दिवशी कोटिंगचा पापुद्रा हातात येतो, त्या दिवशी त्याच्या मागे धातूऐवजी तांबडा भुगा निघतो.

थर संरक्षण करतो आणि थरच लपवतोही, ही गोष्ट महाराष्ट्राला देवळांतून ठाऊक आहे. शेंदूर म्हणजे शिशाचं ऑक्साइड. तेलात कालवलेला हाच शेंदूर दीर्घकाळ जगभरच्या पुलांना आणि जहाजांना गंजरोधक पहिला हात म्हणून दिला जात असे, आणि शिशाच्या विषारीपणामुळे पुढे तो मागे पडला. आपल्याकडे तो देवाच्या अंगावर पिढ्यान्पिढ्या चढत राहिला. वणीच्या सप्तशृंगी देवीच्या मूर्तीवरचा शेंदराचा साचलेला लेप २०२२ मध्ये काळजीपूर्वक उतरवला गेला, तेव्हा खालचं कोरीव रूप भक्तांच्या डोळ्यांसमोर आलं. प्रत्येक लेप भक्तीनेच लावलेला होता. पण श्रद्धेच्या लेपाखालीही मूळ रूप पाहण्याची वेळ कधीतरी येते, आणि तेव्हा तो उतरवण्याइतका संयम आणि ज्ञान लागतं. काळ्या कोटिंगविषयी माझा आक्षेप एवढाच आहे, की ते लावताना पुन्हा कधीतरी खाली पाहावं लागेल हा विचारच सोडून दिलेला असतो.

मग करायचं काय? आधी धुणं: साध्या पाण्याने, पुन्हा पुन्हा, फटीफटीत, मीठ निघेपर्यंत. मग छोट्या हातोडीने सगळा तळ वाजवून पाहणं. शाबूत पोलाद टणत्कार देतं, खाल्लेलं पोलाद बद्द वाजतं, आणि अनुभवी मिस्त्रीचा कान डोळ्यांआधी जागा सांगतो. जिथे चासी पातळ झाली आहे तिथे लांबी भरून रंग देणं हा चासीशी आणि रस्त्यावरच्या माणसांशीही अपराध आहे. तिथे पत्रा कापून नवा जोडावाच लागतो. सँड ब्लास्टिंगनंतर करडं, उघडं पोलाद दिसू लागलं की घाई करावी. कोकणाच्या हवेत ते रात्रभर ठेवलं तर सकाळी केशरी पडलेलं असतं, म्हणून प्रायमर त्याच दिवशी. ज्या फटींत वाळू पोचत नाही तिथे टॅनिनयुक्त द्रव उपयोगी पडतो. तो गंजाशी संयोग पावून त्याचं काळसर, स्थिर संयुग करतो. हे रसायन आपल्याला परकं नाही. जुन्नर-आंबेगावच्या डोंगरांत आदिवासी जो हिरडा गोळा करतात त्यात भरपूर टॅनिन असतं. हिरड्यात भिजवलेल्या कापडावर गंजक्या लोखंडाचं आणि गुळाचं पाणी दिलं की पक्का काळा उमटतो, हे कलमकारीचे कारागीर शतकानुशतकं जाणत आले आहेत. कापडावर जो संयोग रंग धरून ठेवतो, तोच चासीच्या फटीत गंजाला शांत करतो.

प्रायमरवर रंग द्यावा, पण काळा देऊ नये. फिकट राखाडी तळावर नव्या गंजाची पहिली केशरी रेघ लगेच दिसते, तडा लगेच दिसतो. काळ्यावर दोन्ही मुरून जातात. पोकळ्यांमध्ये, शिवणींत, पाट्यांच्या बगलेला मेण किंवा लोकरीच्या चरबीवर आधारलेलं तेल सोडावं. ते मऊ राहतं, ओरखडा पडला तर सरकून जागा भरतं आणि दरवर्षी थोडं थोडं निघून जातं. हे निघून जाणं अनेकांना दोष वाटतं. मला तो त्याचा सर्वांत मोठा गुण वाटतो, कारण ते मालकाला दर वर्षी ट्रकाखाली बोलावतं. जुनं जळकं इंजिन ऑइल फवारण्याची रीत मात्र सोडावी. त्यातली आम्लं आणि धातूकण चासीचं भलं करत नाहीत, रबरी बुश आणि होस खराब होतात, आणि थेंब शेवटी विहिरीच्या पाण्यापर्यंत जातात. पावसाळ्यात ट्रक प्लॅस्टिकच्या ताडपत्रीत गुंडाळू नये. आत दव साचतं. वर छप्पर आणि चारी बाजूंनी वारा, एवढं पुरे.

जुन्या वाहनांच्या जागतिक संघटनेने मान्य केलेली ट्यूरिन सनद १९६४ च्या व्हेनिस सनदेला आदर्श मानते. व्हेनिस सनद देवळं, किल्ले आणि वाडे यांच्या जतनासाठी होती. तिचा वारसा चाकांवरच्या वस्तूंपर्यंत पोचला याचा मला आनंद वाटतो. मूळ द्रव्याचा आदर, शक्य तिथे परत उलटवता येईल असाच हस्तक्षेप आणि जे केलं त्याची नोंद, ही जतनाची तीन सूत्रं मला चासीवरही तितकीच लागू दिसतात. मेण पुसता येतं, डांबर खरवडावं लागतं. म्हणून दोन उपाय सारखे वाटले तर जो पुढच्या माणसाला मोकळं ठेवतो तो निवडावा. आणि ट्रकाच्या कागदपत्रांबरोबर एक वही असावी: कोणता पत्रा कधी बदलला, कोणता प्रायमर, कोणत्या महिन्यात कोणतं मेण. पन्नास-साठ वर्षं जगलेली वस्तू एका मालकाची नसते. वही नसेल तर पुढचा माणूस अंदाजाने काम करील, आणि अंदाजाने केलेल्या कामाखाली मूळ वस्तू हळूहळू हरवत जाईल.

आपल्या पंचांगात या कामाच्या दोन वेळा जणू ठरलेल्या आहेत. मृगाआधी तळ कोरडा असताना मेणाचा हात आणि पाणी वाहून जाण्याच्या भोकांची तपासणी. पाऊस सरल्यावर खंडेनवमीला धुणं, वाजवून पाहणं, वहीत नोंद. त्या दिवशी आपण हत्यारांची आणि वाहनांची पूजा करतोच. ट्रकाला हार घालावा, नारळ फोडावा, आणि त्याआधी किंवा त्यानंतर चटई अंथरून त्याच्याखाली जावं. घरातल्या मुलांनाही सोबत न्यावं, त्यांच्या हातात बॅटरी द्यावी, रिबीट आणि शिवण दाखवावी, नंबर कुठे कोरला आहे ते बोटाने वाचू द्यावं. ट्रक ज्यांच्याकडे जाणार आहे त्यांना तो आधी खालून ओळखता आला पाहिजे. जे झाकून निश्चिंत व्हायचं असतं ते आपण टाकून दिलेलं असतं, आणि जे दरवर्षी उघडून पाहायची आपली तयारी असते तेवढंच खऱ्या अर्थाने आपलं राहतं.